तपासली किती, सुधारली किती? शालेय आरोग्य योजनांची पार्श्वभूमी

वजन-उंची, डोळे, दात आणि जंताची गोळी. मुंबईतल्या पालिकेच्या शाळेत शिकलेल्या कुणालाही हे सांगायला नको. पण त्याने मुलांची तब्येत सुधारली का, हे मोजायला आपण फार उशिरा लागलो.

भारतात शाळकरी मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी १९०९ साली बडोद्यात झाली. तरी १९४६ मध्ये देशातल्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीला शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नसल्यासारखीच आढळली. पुढे समित्या आल्या, १९९५ पासून मध्यान्ह भोजन देशभर गेलं. २०१३ मध्ये मुलांच्या आरोग्य तपासणीच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात तर पालघरमधून झाली (तेव्हा ते ठाणे जिल्ह्यातच होतं). हिशेब मात्र बहुधा एकच: किती मुलं तपासली, किती गोळ्या वाटल्या. चष्म्याची चिठ्ठी मिळालेल्या पोराच्या नाकावर चष्मा आला का, हे शोधायला पुन्हा शाळेत जावं लागतं.

गंमत म्हणजे परिणाम मोजण्याची शिस्त मुंबईच्या शाळांत आली ती आरोग्यातून नव्हे, अभ्यासातून. शिक्षणक्षेत्रातल्या 'प्रथम' संस्थेच्या बालसखी वर्गांचं (बालसखी म्हणजे अभ्यासात मागे पडलेल्या मुलांना वेगळं शिकवणारी वस्तीतली तरुणी) मूल्यमापन २००१ ते २००३ दरम्यान पालिका शाळांत आणि वडोदऱ्यात झालं. कुठल्या शाळेत कोणत्या इयत्तेला बालसखी मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे ज्यांना ती मिळाली नाही त्यांच्याशी तुलना करता आली. अभ्यासकांमध्ये मुंबईत जन्मलेले अभिजित बॅनर्जी होते. २०१९ च्या नोबेलचे मानकरी.

आरोग्यात हीच पद्धत लावली की उत्तरं सरळ येत नाहीत. केनियातल्या ७५ शाळांत जंतनाशक गोळ्यांनी गैरहजेरी घटली, परीक्षेतले गुण वाढले नाहीत. २०१५ मध्ये इतर संशोधकांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली आणि हे निष्कर्ष कितपत टिकतात यावर वाद पेटला. त्याच वर्षी आपल्याकडे राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू झाला!

मला सर्वांत बोलका वाटतो तो बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यातला 'सेहर' प्रयोग. निष्कर्ष २०१८ चे, शाळा ७४. शाळेतलं वातावरण आणि मुलांचं आरोग्य सुधारण्याचा एकच कार्यक्रम दोन प्रकारे राबवला; खास नेमलेल्या समुपदेशकांनी चालवला तिथे शाळेतलं वातावरण सुधारलं, दादागिरी आणि नैराश्य कमी झालं. शिक्षकांवर सोपवला तिथे काहीच फरक पडला नाही. २०२० मध्ये आयुष्मान भारतखाली शालेय आरोग्य कार्यक्रम आला, तेव्हा जबाबदारी दिली गेली प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना.