अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स : महिला हॉकीतील संस्मरणीय प्रसंग

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील विद्यापीठांच्या अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स ऊर्फ एसीसी या क्रीडासंघाच्या महिला हॉकी इतिहासातील, पुनःपुन्हा आठवले जाणारे सामने व घटना. अमेरिकेत नुसते ‘हॉकी’ म्हटले की बर्फावरची हॉकी समजली जाते. आपल्याकडे जिला हॉकी म्हणतात तिला तेथे ‘फील्ड हॉकी’ असे नाव आहे आणि महाविद्यालयीन पातळीवर ती जवळजवळ पूर्णपणे मुलींचा खेळ आहे. प्रस्तुत नोंदीत हॉकी हा शब्द याच खेळासाठी वापरला आहे.

‘कॉन्फरन्स’ ही व्यवस्था भारतीय वाचकाला थोडी अपरिचित आहे. आपल्याकडे विद्यापीठाचा संघ आधी विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो आणि तेथून पुढे जातो. अमेरिकेत काही विद्यापीठे मिळून कायमस्वरूपी संघ स्थापतात, हंगामभर एकमेकांशी ठरलेले सामने खेळतात, शेवटी आपली अजिंक्यपद स्पर्धा घेतात आणि त्यानंतर एनसीएए या राष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धेत जातात. त्यामुळे राष्ट्रीय अंतिम सामन्यात समोर येणारा प्रतिस्पर्धी पुष्कळदा आधीच्या महिन्यातच भेटलेला असतो. एसीसीच्या बहुतेक संस्मरणीय प्रसंगांचे मूळ या ओळखीत आहे.

एसीसीची स्थापना ८ मे १९५३ रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ग्रीन्सबरोजवळ सेजफील्ड येथे सात विद्यापीठांनी केली. तिच्या महिला हॉकीचा आरंभ मात्र कोठून धरायचा, याबद्दल एकवाक्यता नाही. अमेरिकेतील हॉकीचा उगम बहुतेक लेखक १९०१ साली ठेवतात. त्या उन्हाळ्यात इंग्लंडहून आलेल्या कॉन्स्टन्स अ‍ॅपलबी या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिकेने हार्व्हर्ड येथील उन्हाळी वर्गात खेळाचे प्रात्यक्षिक दाखवले. जमवाजमव करून आणलेल्या काठ्यांनी व्यायामशाळेमागच्या अंगणात ते झाले, असे परंपरेने सांगतात. त्यानंतर त्यांनी व्हॅसर, वेलस्ली, स्मिथ, ब्रिन मॉर इत्यादी महिला महाविद्यालयांत खेळाचा प्रसार केला. त्यांच्या आगमनापूर्वीही काही ठिकाणी हॉकी खेळली गेल्याचे तुरळक उल्लेख सापडतात, परंतु त्यातून अखंड परंपरा निर्माण झालेली दिसत नाही. म्हणून १९०१ हे वर्ष ग्राह्य धरणे अधिक योग्य वाटते. अमेरिकेची राष्ट्रीय हॉकी संघटना १९२२ मध्ये स्थापन झाली.

ही सुरुवात ईशान्येकडील महिला महाविद्यालयांतील होती. एसीसीची विद्यापीठे त्या परिघाबाहेरची. तेथे महिला खेळांना संस्थात्मक बळ मिळाले ते १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्यानंतर. केंद्राचे अर्थसाहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदास या कायद्याने बंदी केली आणि विद्यापीठांना मुलींच्या संघांसाठी पैसा, मैदाने व शिष्यवृत्त्या द्याव्या लागल्या. एनसीएए त्या काळी महिलांच्या स्पर्धा घेत नसे. ते काम एआयएडब्ल्यू ही महिलांची स्वतंत्र संघटना करी. तिची हॉकीची राष्ट्रीय स्पर्धा १९७५ पासून सुरू झाली व पहिली चार विजेतेपदे पेनसिल्व्हेनियातील वेस्ट चेस्टरने मिळवली. १९८१ मध्ये एनसीएएने स्वतःची महिला स्पर्धा सुरू केली, तेव्हा एकाच हंगामात देशाला दोन विजेते लाभले : एनसीएएचे कनेटिकट आणि एआयएडब्ल्यूचे पेन स्टेट. त्याच वर्षाच्या जानेवारीत अ‍ॅपलबी १०७ व्या वर्षी निवर्तल्या होत्या. पुढच्याच वर्षी एआयएडब्ल्यू मोडकळीस आली.

एसीसीने हॉकीची अजिंक्यपद स्पर्धा प्रथम १९८३ मध्ये घेतली. ती नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने जिंकली. काही लेखक सदस्य विद्यापीठांचे सत्तरच्या दशकातील आपसांतले सामनेही एसीसीच्या इतिहासात धरतात. त्या सामन्यांना कॉन्फरन्सची मान्यता नव्हती, म्हणून येथे १९८३ हाच आरंभबिंदू मानला आहे. असाच प्रश्न राष्ट्रीय विजेतेपदे मोजताना येतो. मेरीलँड २०१४ मध्ये ‘बिग टेन’ या कॉन्फरन्समध्ये गेले. तोवरची त्याची आठ विजेतेपदे एसीसीच्या खात्यात ठेवावीत की विद्यापीठाबरोबर बिग टेनकडे जाऊ द्यावीत? विजयाच्या वेळचे सदस्यत्व हा निकष लावला, तर २०२३ अखेर एसीसीची राष्ट्रीय विजेतेपदे तेवीस होतात : नॉर्थ कॅरोलायना अकरा, मेरीलँड आठ, वेक फॉरेस्ट तीन व सिरॅक्यूज एक. हाच निकष सरळ आहे. याच न्यायाने नॉर्थ कॅरोलायनाने मेरीलँडला २–० हरवले तो २०१८ चा अंतिम सामना जुन्या वैराचा असला, तरी तो एसीसीचा अंतर्गत सामना ठरत नाही.

वेगवेगळ्या काळातील प्रसंगांची तुलना करताना नियमांतील बदल ध्यानात घ्यावे लागतात. महाविद्यालयीन सामना पूर्वी ३५ मिनिटांच्या दोन सत्रांचा असे; २०१९ पासून तो पंधरा मिनिटांच्या चार सत्रांचा झाला, म्हणजे एकूण वेळ ७० वरून ६० मिनिटांवर आली. बरोबरी झाल्यास जादा वेळेत प्रत्येक बाजूस अकराऐवजी सात खेळाडू उतरतात आणि पहिला गोल होताच सामना संपतो. एवढ्या मोठ्या मैदानावर चौदाच जणी उरल्या की मोकळी जागा एकाएकी वाढते, दमलेल्या बचावफळीला माघारी धावणे जमत नाही, आणि एका चुकीच्या पासवर वर्षभराचे काम संपते. तरीही निकाल लागला नाही, तर पूर्वी पेनल्टी स्ट्रोक घेत. त्यात चेंडू गोलपासून ६·४ मीटरवर स्थिर ठेवतात व गोलरक्षिकेला तो मारला जाईपर्यंत गोलरेषेवरून हलता येत नाही. पुढे त्याची जागा शूटआउटने घेतली. त्यात खेळाडू २३ मीटर रेषेवरून चेंडू घेऊन निघते, गोलरक्षिका पुढे येऊन तिला अडवू शकते आणि ठरलेल्या सेकंदांत फटका मारावा लागतो. स्ट्रोकमध्ये गोलरक्षिकेच्या हाती अंदाजाखेरीज फारसे काही नसते. शूटआउट ही दोघींची खरी झुंज असते. म्हणून राष्ट्रीय अंतिम सामन्याचा १९९३ चा स्ट्रोकवरचा व २०२३ चा शूटआउटवरचा निकाल एकाच मापाने मोजणे योग्य नव्हे.

एसीसीला पहिले राष्ट्रीय विजेतेपद १९८७ मध्ये मिळाले. मेरीलँडने नॉर्थ कॅरोलायनाला जादा वेळेत २–१ असे हरवले. पहिलाच मान आणि तोही घरच्याच प्रतिस्पर्ध्याला हरवून. तोवर या खेळावर व्हर्जिनियातील ओल्ड डोमिनियन, कनेटिकट व आयोवा यांचे वर्चस्व होते. ओल्ड डोमिनियन भौगोलिकदृष्ट्या एसीसीच्या अंगणातले, पण तिचे सदस्य कधीच नव्हते. त्याच ओल्ड डोमिनियनला १९८९ च्या अंतिम सामन्यात २–१ हरवून नॉर्थ कॅरोलायनाने आपले पहिले विजेतेपद मिळवले. बरोबरी न सुटल्याने निकाल स्ट्रोकवर गेला होता.

या संघाच्या प्रशिक्षक कॅरेन शेल्टन वेस्ट चेस्टरच्या माजी खेळाडू व १९८१ पासून चॅपल हिल येथे, म्हणजे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या गावी, होत्या. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या अमेरिकी संघात त्या होत्या, आणि ते पदकही स्ट्रोकवरच ठरले होते. अमेरिका व ऑस्ट्रेलिया समान गुणांवर राहिल्याने, प्रेक्षकांत बसून ऑस्ट्रेलियाचा शेवटचा सामना पाहणाऱ्या अमेरिकी खेळाडूंना मैदानात उतरावे लागले आणि त्यांनी १०–५ अशी बाजी मारली. स्ट्रोकचे हे दान पुढे त्यांच्यावर उलटलेही. १९९३ मध्ये मेरीलँडने आणि १९९४ मध्ये जेम्स मॅडिसनने नॉर्थ कॅरोलायनाला अंतिम सामन्यात स्ट्रोकवरच हरवले. १९९० व १९९१ च्या पराभवांची भर घातली, तर पाच वर्षांत चार अंतिम सामने हातचे गेले. या पार्श्वभूमीवर १९९५ च्या अंतिम सामन्यात मेरीलँडवर मिळवलेला ५–१ असा विजय पाहिला पाहिजे. त्यानंतर १९९६ व १९९७ ची विजेतेपदेही नॉर्थ कॅरोलायनाकडेच राहिली. गोलांच्या आकड्यांपेक्षा या तीन वर्षांचे मोल त्यांच्या आधीच्या चार पराभवांमुळे अधिक आहे.

१९९३ चा विजय मेरीलँडच्या प्रशिक्षक मिसी मेहार्ग यांचा पहिला होता. १९८८ पासून त्या पदावर असलेल्या मेहार्ग यांनी मेरीलँडला सात राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. शेल्टन आणि मेहार्ग यांची स्पर्धा पाव शतक एकाच कॉन्फरन्समध्ये चालली; एसीसीच्या हॉकीचा कणा तीच होय.

वेक फॉरेस्टने २००२ ते २००४ अशी सलग तीन विजेतेपदे जेनिफर अ‍ॅव्हरिल यांच्या मार्गदर्शनाखाली मिळवली. त्या संघातील केली डोटन पुढे बॉस्टन कॉलेजच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. या यशाची दुसरी बाजू ड्यूकची आहे. २००३ व २००४ मध्ये वेक फॉरेस्टकडून (३–१, ३–०) आणि २००५ मध्ये मेरीलँडकडून (१–०) असा ड्यूक सलग तीन वर्षे अंतिम सामना हरला. २०१३ मध्ये चौथ्यांदा संधी आली, तेव्हा कनेटिकटने २–० असे रोखले. विजेत्यांच्या याद्यांत ड्यूकचे नाव येत नाही. तरीही तीन वर्षे ओळीने शेवटच्या दिवसापर्यंत पोहोचणारा संघ एसीसीच्या इतिहासात विजेत्यांच्या शेजारी उभा केला पाहिजे.

२००३ ते २०११ या नऊ वर्षांत २००७ चा अपवाद वगळता प्रत्येक राष्ट्रीय अंतिम सामना एसीसीच्याच दोन संघांत झाला. २००७ मध्येही नॉर्थ कॅरोलायनाने पेन स्टेटला ३–० हरवून २४–० असा अपराजित हंगाम पुरा केला. कर्णधार रेचल डॉसन पुढच्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकमध्ये खेळली. या काळात एसीसीत हॉकी खेळणारी विद्यापीठे केवळ पाच, आणि २००५ मध्ये बॉस्टन कॉलेज आल्यावर सहा होती, हे ध्यानात घेतले की या वर्चस्वाची खोली कळते.

या सर्व सामन्यांत २००९ चा अंतिम सामना अग्रस्थानी ठेवण्याकडे प्रस्तुत लेखकाचा कल आहे. वेक फॉरेस्टच्या मैदानावर विन्स्टन-सेलम येथे तो झाला. मेरीलँड तोवर हंगामात एकही सामना हरले नव्हते. २–२ अशी बरोबरी असताना आणि सर्वांचे लक्ष जादा वेळेकडे लागलेले असताना, सुमारे बारा सेकंद उरली असता नॉर्थ कॅरोलायनाच्या केल्सी कोलोजेचिक या प्रथम वर्षाच्या खेळाडूने विजयी गोल केला. मेरीलँडचा हंगामातला एकमेव पराभव हाच. जादा वेळेतील गोलानंतर हरणाऱ्या संघाने निदान तशी शक्यता मनात धरून खेळलेले असते. येथे तेवढी उसंतही मिळाली नाही. मेरीलँडने परतफेड केली ती ३–२ याच गोलसंख्येने, आणि दोनदा : २०१० मध्ये दुसऱ्या जादा सत्रात, तर २०११ मध्ये पुन्हा जादा वेळेत. तीन वर्षे तेच दोन संघ, तीच गोलसंख्या आणि तिन्ही निकाल अखेरच्या क्षणी, असा योग महाविद्यालयीन हॉकीत क्वचितच आला असेल. २०१० च्या मेरीलँड संघातील केटी ओडॉनेल पुढे दोन ऑलिंपिक खेळली.

मेरीलँड गेल्यावर ही परंपरा खंडित होईल अशी शक्यता होती. पण २०१३ मध्ये सदस्य झालेल्या सिरॅक्यूजने २०१५ च्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायनाला ४–२ हरवले. अँज ब्रॅडली यांच्या या संघाचे विजेतेपद सिरॅक्यूजच्या कोणत्याही महिला संघाचे पहिले राष्ट्रीय विजेतेपद ठरले. २०१६ मध्ये व्हर्जिनियाने प्रथमच एसीसी स्पर्धा जिंकली.

२०१७ नंतरचा काळ नॉर्थ कॅरोलायनाचा, आणि त्यातही एरिन मॅटसन हिचा आहे. पेनसिल्व्हेनियातून आलेली ही आघाडीची खेळाडू २०१८ ते २०२२ या पाचही हंगामांत एसीसीची सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली. २०१८ व २०१९ चे हंगाम संघाने प्रत्येकी २३–० असे अपराजित संपवले. महासाथीमुळे लांबलेली २०२० ची स्पर्धा मे २०२१ मध्ये चॅपल हिलच्या कॅरेन शेल्टन स्टेडियमवर झाली. तेथे मिशिगनला जादा वेळेत ४–३ हरवून सलग तिसरे विजेतेपद मिळाले. प्रशिक्षक हयात व कार्यरत असताना त्यांच्याच नावाच्या मैदानावर विजेतेपद मिळणे, हा प्रसंग विरळा म्हणावा लागेल. २०२२ च्या अंतिम सामन्यात नॉर्थवेस्टर्नने उशिरा बरोबरी साधली असता मॅटसनने शेवटच्या दीड मिनिटात गोल करून २–१ असा निकाल लावला. शेल्टन यांचे हे दहावे विजेतेपद होते आणि तो त्यांचा शेवटचा सामनाही ठरला. त्या डिसेंबरमध्ये निवृत्त झाल्या.

जानेवारी २०२३ च्या अखेरीस त्यांच्या जागी मॅटसनचीच नेमणूक झाली, तेव्हा ती २२ वर्षांची होती. ज्यांच्यासोबत दोन महिन्यांपूर्वी ती खेळत होती, त्यांची ती आता प्रशिक्षक होती. नोव्हेंबरमध्ये शेल्टन स्टेडियमवर पुन्हा नॉर्थवेस्टर्नच समोर आले. जादा वेळेतही १–१ अशी बरोबरी राहिली आणि शूटआउटवर नॉर्थ कॅरोलायना विजयी झाले. वर्षापूर्वी निर्णायक फटका स्वतः मारणारी व्यक्ती या वेळी बाजूरेषेबाहेर उभी होती. नेमणुकीच्या बातमीचा गाजावाजा अधिक झाला, परंतु संस्मरणीय म्हणायचे ते त्या उभे राहण्यालाच.

कॅलिफोर्निया व स्टॅनफर्ड ही पश्चिम किनाऱ्यावरील विद्यापीठे २०२४ मध्ये एसीसीत आली आणि अटलांटिक किनाऱ्याचे नाव धारण करणाऱ्या या कॉन्फरन्सचे हॉकी सामने पॅसिफिक किनाऱ्यावरही होऊ लागले.