पर्यावरणपूरक घर बांधायचं ठरवलंय? कामाला हात लावण्याआधी हे वाचा

मुंबईतल्या गावठाणातलं बैठं घर उतरवून तिथे पर्यावरणपूरक घर बांधायचं, असं ठरवून आमच्याकडे येणाऱ्या कुटुंबांच्या मोबाइलमध्ये बहुधा सारखेच फोटो असतात: मातीच्या जाड भिंती, छोट्या खिडक्या. ही घरं बहुतेक कोरड्या हवेच्या भागातली. तिथे दिवस तापतो आणि रात्र गार पडते, म्हणून जाड भिंतीचा फायदा होतो. मुंबईत रात्रही दमट आणि उबदारच. दिवसभर तापलेली भिंत इथे रात्री झोपायच्या वेळी खोलीत उष्णता सोडत बसते. त्यामुळे आमचा आग्रह असा, की इथलं घर आधी वारा आणि पाऊस बघून बांधावं. साहित्य कुठलं, हे त्यानंतर ठरवू.

गावठाणात शेजाऱ्याची भिंत हाताच्या अंतरावर असते. बाजूने वारा मिळत नसेल, तर जिन्यावर उंच झरोका ठेवून गरम हवा वरून बाहेर काढता येते. खिडक्यांना जाळ्या पहिल्या दिवसापासून हव्यात. डास शिरू लागले की खिडक्या बंद होतात, एसी लागतो आणि सगळी आखणी वाया जाते.

चुना, जांभा आणि झड

कोकणातला जांभा आम्हाला फार आवडतो. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवा लागल्यावर टणक होत जातो. पण तो पाणी पितो. नैर्ऋत्येकडून येणारी झड ज्या भिंतीवर आदळते, ती भिंत उघडी ठेवली तर जुलैत आतून ओल आलीच म्हणून समजा. त्या बाजूला छप्पर निदान तीन फूट बाहेर काढायचं आणि भिंतीला चुन्याचा गिलावा करायचा. जागेअभावी छप्पर तेवढं बाहेर काढता येत नसेल, तर ती एक भिंत आम्ही जांभ्यात बांधत नाही.

चुन्याच्या कामाला घाई चालत नाही. चुना आधी पाण्यात मुरवावा लागतो. गूळ आणि हिरड्याचं पाणी घालणारे कारागीर आजही आहेत. गिलावा पातळ थरांत होतो आणि प्रत्येक थर ओला ठेवत सावकाश वाळू द्यावा लागतो. चुन्याची भिंत आतला दमटपणा बाहेर सोडते, म्हणून तिच्यावर प्लास्टिक पेंट लावू नका. ओल आत कोंडते आणि पोपडे सुटतात. रंगारी आग्रह करेल, तरी नाहीच म्हणा.

लाखभर लिटर, पण चार महिन्यांत

मुंबई उपनगरात पावसाळ्यात सरासरी २,२०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ६०० चौरस फुटांच्या छपरावरून, वाया जाणारं सोडून, लाखभर लिटर पाणी मिळू शकतं. आकडा ऐकून सगळे खूश होतात. अडचण साठवणीची आहे: ११५ मिलिमीटरचा एकच दिवस ५,००० लिटरची टाकी भरून टाकतो आणि पुढे आठ महिने आभाळ कोरडं. म्हणून हे पाणी पावसाळ्यात फ्लश, धुणी आणि फरशीसाठी वापरा, उरलेलं शोषखड्ड्यात जाऊ द्या. पहिल्या सरींचं पाणी कबुतरांची घाण घेऊन येतं, ते वळवणारा व्हॉल्व्ह हवाच. टाकीचं झाकण डासबंद ठेवा, महापालिकेचे कीटकनाशक विभागाचे लोक तपासायला येतात.

सौर पॅनेलसाठी ३ किलोवॅटला साधारण ३०० चौरस फूट उन्हाची जागा लागते आणि पीएम सूर्यघर योजनेत ७८,००० रुपये अनुदान आहे. शेजारी टॉवर उभा असेल तर आधी सावली मोजू, मग बोलू.

वेळ आणि पैसा

दिवाळीनंतर खोदाई आणि मे संपायच्या आत छप्पर, हाच क्रम. मध्ये शिमग्याला कोकणातले गवंडी गावी जातात आणि जायलाच हवेत. ते दिवस आम्ही आधीच धरतो. खरा वेळ मात्र कागदांत जातो. प्रॉपर्टी कार्डवर आजोबा आणि त्यांच्या भावांची नावं तशीच असतात आणि सगळ्यांच्या सह्यांशिवाय परवानगीचं पाऊल पुढे पडत नाही. समुद्र किंवा खाडीजवळ सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे, नियम वेगळे.

चुना, जांभा आणि चांगली सुतारकी यांची मजुरी नेहमीच्या कामापेक्षा जास्त पडते. जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या बाजारातून जुना सागवान घेतला तर दारं-खिडक्यांत काही पैसे वाचतात. तरीही अंदाजपत्रकाच्या वर १५ टक्के वेगळे ठेवा. ते नसतील तर काम एक वर्ष पुढे ढकला, असंच आम्ही सांगू.

पहिल्या भेटीला येताना प्रॉपर्टी कार्डाची प्रत, वर्षभराची वीजबिलं आणि जुन्या घराचे भर पावसातले फोटो आणा. ओल कुठे येते ते त्यात दिसतं. शक्य असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांनाही सोबत आणा. पाणी कुठून शिरतं, हे त्यांना पाठ असतं.