घरमालक दुरुस्ती करत नाही? खर्च भाड्यातून वळता कसा करायचा

मृगाच्या तोंडावर कोल्हापुरात शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या वाड्यांत एकच विषय असतो: यंदा शाकारणी (छपराची कौलं नीट करणं) होणार का? मालक "बघू, करू" म्हणतात आणि जुलैत भाडेकरू घरभर पातेली मांडून बसतो. आमच्या वाड्यात मी हे तीन पावसाळे पाहिलं, म्हणून कळकळीनं लिहितोय.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 14 प्रमाणे घर राहण्याजोगं ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. मात्र दुरुस्ती भाडेकरूनं करायची असं करारात ठरलं असेल, तर हा हक्क मागता येत नाही. म्हणून आधी करार वाचा. दुसरी अट म्हणजे तुम्ही भाडेकरू असायला हवं. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर (घर वापरायची फक्त परवानगी देणाऱ्या करारावर) राहणाऱ्याला हे कलम लागू नाही, त्याला करारातल्या अटीच बघाव्या लागतात.

आता मुख्य काम, नोटीस. ती लेखीच द्या. वकील लागतोच असं नाही, साधा कागद चालतो: "स्वयंपाकघरावरची कौलं फुटली आहेत, वासा कुजला आहे, भिंतीला ओल आली आहे. पंधरा दिवसांत दुरुस्ती करून द्यावी, नाहीतर मी करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करीन." तारीख, सही, सोबत फोटो. पोस्टानं पाठवून पोचपावती जपा. मुदत किमान पंधरा दिवसांची हवी. त्यानंतरही रास्त वेळेत काम झालं नाही, तर ते तुम्ही करून घेऊ शकता.

बिलांत हयगय करू नका. तुम्ही ठेवलेला हिशेब आणि पावत्या हाच खर्चाचा निर्णायक पुरावा, आणि तो मालकावर बंधनकारक, असं कायदाच म्हणतो. कौलांचं बिल तुमच्या नावानं घ्या. गवंडी बिल देत नसेल तर वहीच्या पानावर काम, दिवस, मजुरी लिहून त्याची सही घ्या.

एका वर्षात वळती होणारी रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नसावी. भाडं महिना 1,500 असेल तर वर्षाचे 18,000, म्हणजे 4,500 रुपयांपर्यंत. तेवढ्यात सगळं घर होणार नाही, तेव्हा जिथं गळतं तिथलंच आधी करा. नवी भिंत, नवी खोली मात्र नको. लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम केलंत, तर घर खाली करून मागायला मालकाला कारण मिळतं.

उरलेलं भाडं थांबवू नका. ही चूक रागाच्या भरात होते आणि महागात पडते. मालक घेत नसतील तर मनीऑर्डर करा, परत आली तर तो कागद ठेवा. भाड्याची लेखी पावती देणं त्यांच्यावर कायद्यानं बंधनकारक आहे, मागून घ्या.

चिडून पाणी किंवा वीज तोडली, तर कलम 29 खाली कोर्टात अर्ज करता येतो. आपल्याकडे हे दावे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्यापुढे चालतात. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना तिथं उत्पन्नाची अट नाही.

जाताना भाडेपावत्या, करार असेल तर तो, नोटिशीची प्रत, पोचपावती, कामाआधीचे आणि नंतरचे फोटो, सगळी बिलं आणि आधार कार्ड न्या. प्रत्येकाची झेरॉक्स वेगळी ठेवा, मूळ कागद कुणाच्या हाती देऊ नका.