महागडा प्लग आणि वाढणारे ॲव्हरेज : एका समजुतीची पार्श्वभूमी

विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी, बाजाराच्या दिवशी, बसस्थानकाजवळच्या गॅरेजमध्ये अर्धा तास उभे राहिले तर एक प्रसंग हमखास पाहायला मिळतो. गाडी पूर्वीसारखी ओढत नाही, ॲव्हरेजही उतरले आहे, अशी तक्रार घेऊन शेतकरी येतो. मिस्त्री इंजिनात ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारा प्लग काढतो, त्याचे काळे पडलेले टोक नखाने खरवडून दाखवतो आणि काचेच्या कपाटातली एक लहानशी चकचकीत डबी पुढे करतो. “हा टाकून पाहा भाऊ, गाडी उडते का नाही ते सांगा.” डबीतला प्लग इरिडियम या कठीण धातूच्या टोकाचा असतो, साध्या प्लगच्या कितीतरी पट महाग असतो, आणि तो बसवल्यावर गाडी बहुतेक वेळा खरोखरच बरी चालू लागते. शेतकऱ्याचा अनुभव खरा असतो. त्याचे श्रेय मात्र भलत्याच खात्यावर जमा होते, आणि महागड्या प्लगने ताकद व ॲव्हरेज वाढते ही समजूत पक्की होते. हे असे का होते याचे उत्तर प्लगच्या सव्वाशे वर्षांच्या प्रवासात सापडते.

ठिणगीने इंधन पेटवण्याची कल्पना इंजिनाइतकीच जुनी आहे. १८६० साली पॅरिसमध्ये एतिएन लेन्वार याने गॅसवर चालणारे जे इंजिन उभे केले, त्यात विजेच्या ठिणगीचाच वापर होता. तरीही पुढची चाळीस वर्षे ही ठिणगी भरवशाची झाली नाही. मोटारगाडीचा जनक मानला जाणारा कार्ल बेंझ इंधन पेटवण्याच्या प्रश्नाला सर्व प्रश्नांचा प्रश्न म्हणत असे. १९०२ मध्ये बॉश कंपनीतील गॉटलोब होनोल्ड या अभियंत्याने उच्च व्होल्टेज देणारा मॅग्नेटो, म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणारे यंत्र, आणि त्याला जोडलेला प्लग अशी जोडी तयार केली, आणि तिथून आजच्या प्लगचा वंश सुरू झाला.

त्या सुरुवातीच्या काळात प्लग हा गाडीतला सर्वांत कच्चा दुवा होता. त्याचे चिनीमातीचे आवरण उष्णतेने तडकत असे, टोकावर तेल आणि काजळी साचत असे, आणि गाडीवाला लांबच्या प्रवासाला निघताना चार-सहा जादा प्लग बरोबर ठेवत असे. अशा परिस्थितीत ज्याचा प्लग टिके त्याची गाडी पुढे जाई, म्हणून चांगला प्लग म्हणजे जास्त ताकद हे समीकरण तेव्हा व्यवहारात बरोबरच होते. प्लग विकणाऱ्यांनी त्याचा पुरेपूर उपयोग करून घेतला. १८९९ ची पॅरिस-रूबे सायकल शर्यत जिंकणारा आल्बेर शाँपिओं हा फ्रेंच गडी पुढे अमेरिकेत प्लगचा कारखानदार झाला. त्याच्या कारखान्यात बनलेले प्लग १९२७ मध्ये चार्ल्स लिंडबर्गच्या विमानात होते, आणि न्यूयॉर्कहून पॅरिसपर्यंतचे साडेतेहेतीस तासांचे ते उड्डाण जाहिरातीच्या दृष्टीने सोन्याहून पिवळे ठरले. शर्यत, विमान आणि प्लग यांची मनात घट्ट बसलेली जोडी त्या काळातली आहे. आजही महागड्या प्लगच्या डबीवर शर्यतीची गाडी छापलेली दिसते ती त्याच परंपरेने.

आपल्याकडे प्लगची ओळख झाली ती मुख्यतः १९५१ साली स्थापन झालेल्या बंगळुरातल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीमुळे, म्हणजेच ‘मायको’मुळे, तिचे नाव २००८ मध्ये बॉश झाले, तरी जुन्या मिस्त्र्यांच्या तोंडी मायकोच राहिले. मात्र समजुतीचे खरे मूळ कारखान्यात शोधण्यात अर्थ नाही. ते टू-स्ट्रोक गाड्यांमध्ये आहे. राजदूत, लुना आणि बजाजच्या स्कूटरी या गाड्यांवर विदर्भातली एक पिढी वाढली. दुधाचे कॅन, सरकीचे पोते, मागे बसलेला पाहुणा, हे सगळे त्यांनी वाहिले. या इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते आणि ते पेट्रोलबरोबर जळते. पंपावर किंवा घरी माप चुकले, तेल थोडे जास्त पडले, की प्लगच्या टोकावर त्याचा थर बसतो आणि ठिणगी प्लगच्या दोन टोकांमधल्या फटीतून उडी मारण्याऐवजी त्या थरातून वाट काढून निघून जाते. रेशनचे रॉकेल मिसळलेले पेट्रोल मिळाले तर काजळी आणखी लवकर धरते. त्यात पेट्रोलमधल्या शिशाची भर होती. देशभर शिसेविरहित पेट्रोलची विक्री सक्तीची झाली ती १ फेब्रुवारी २००० पासून, आणि तोवर शिशाचे क्षारही प्लगवर साचत होतेच. परिणामी गाडीबरोबर प्लगपाना आणि काचकागदाचा तुकडा बाळगणे ही चैन नव्हती, गरज होती. रस्त्यात बंद पडलेली लुना प्लग पुसून पुन्हा सुरू झाली, हे ज्याने दहादा पाहिले आहे, त्याचा प्लगवरचा विश्वास कुणी युक्तिवादाने हलवू शकत नाही.

हे जुने जग अजून पूर्ण संपलेले नाही. भाद्रपदात कपाशीवर फवारणी चालू असते तेव्हा धुऱ्यावर बसून पाठीवरच्या, पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाचा प्लग काढणारा माणूस आजही दिसतो. दोरी सात-आठ वेळा ओढूनही पंप सुरू होत नाही, मग तो प्लग काढून पाहतो. टोक ओले, तेलकट असते. तो सदऱ्याच्या टोकाने ते पुसतो, आगपेटीची काडी ओढून त्यावर धरतो, फुंकर मारतो आणि पुन्हा बसवतो. तिसऱ्या ओढीला पंप गरजतो. टू-स्ट्रोकच्या अशा लहान इंजिनात प्लगचे महत्त्व तेव्हाइतकेच आज आहे, आणि त्याला हवा असतो तो स्वच्छ, योग्य क्रमांकाचा साधा प्लग.

मोटारसायकलींचे जग मात्र बदलले. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली आणि फोर-स्ट्रोक इंजिन हळूहळू खेड्यापर्यंत पोचले. त्यात तेल वेगळे राहते, ठिणगीची वेळ पुढे इलेक्ट्रॉनिक सर्किट ठरवू लागले, आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या धूरप्रदूषणाच्या निकषांमुळे मोटारसायकलींतून कार्बोरेटर जाऊन इंधन इंजेक्शन आले. प्लगचे काम तेच राहिले, पण त्याला घाण करणारी कारणे बहुतांश गेली. समजूत तेवढी जुन्या गाडीवरून नव्या गाडीवर चढून बसली.

आता प्रत्यक्ष काय घडते ते पाहू. प्लग ताकद निर्माण करत नाही. तो फक्त पेटवतो. शंभर सीसीच्या इंजिनात पूर्ण थ्रॉटलला एका वेळी जळणाऱ्या पेट्रोलातून ढोबळमानाने दोनशे-तीनशे जूल ऊर्जा मिळते, आणि ते पेटवणाऱ्या ठिणगीत जुलाचे काही शतांश असतात. चुलीत लाकडे तेवढीच असतील तर काडी साधी असो की महागडी, भाकरी तेवढ्याच भाजतात. एकदा ज्योत धरली की ती किती वेगाने पसरेल हे पेट्रोल-हवेचे मिश्रण, दाब आणि सिलिंडरमधली हवेची घुसळण ठरवते. ‘जास्त व्होल्टेजची ठिणगी’ हा दावाही असाच फसवा आहे, कारण व्होल्टेज प्लग नाही, तर गाडीतली कॉइल (व्होल्टेज वाढवणारे वेटोळे) देते, आणि फट ओलांडायला लागेल तेवढेच ते चढते. उलट इरिडियमच्या बारीक टोकामुळे कमी व्होल्टेजमध्येच ठिणगी पडते, आणि तोच त्याचा गुण आहे.

हा गुण खोटा नाही. ०.४ ते ०.६ मिलिमीटर जाडीचे टोक नव्याने जन्मलेल्या ज्योतीची उष्णता कमी शोषते, त्यामुळे गारठ्यात गाडी सुरू करताना, मंद गतीला किंवा मिश्रण विरळ असताना ज्योत विझण्याचा धोका कमी होतो. पण ज्या निरोगी इंजिनात साधा प्लगही प्रत्येक वेळी पेटवतोच आहे, तिथे सुधारायला उरते काय? इरिडियमचा खरा फायदा आयुष्यात आहे. ते २,४४६ अंश सेल्सिअसला वितळते, साध्या प्लगच्या टोकातले निकेल १,४५५ अंशांना. म्हणून त्याचे टोक फार सावकाश झिजते आणि फट वर्षानुवर्षे फारशी वाढत नाही. ज्या मोटारीत प्लगपर्यंत पोचायला निम्मे इंजिन उघडावे लागते, तिथे हे दीर्घायुष्य पैसे वसूल करते. पाच मिनिटांत प्लग निघणाऱ्या मोटारसायकलीत तो हिशेब ज्याचा त्याने करावा.

दाव्यांची तपासणी झाली नाही असेही नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत पेट्रोल वाचवणाऱ्या वस्तूंचे पेवच फुटले. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशा शंभरहून अधिक वस्तू पारखल्या; फार थोड्यांनी काही बचत दाखवली आणि तीही किरकोळ होती. प्लगपुरते बोलायचे तर ‘स्प्लिटफायर’चे प्रकरण सर्वांत बोलके आहे. या प्लगचा बाहेरचा इलेक्ट्रोड, म्हणजे ठिणगी जिथे पोचते ते टोक, इंग्रजी व्ही अक्षरासारखा दुभंगलेला होता, आणि त्यामुळे ताकद व मायलेज वाढते अशी जोरदार जाहिरात केली जात होती. १९९७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या दाव्यांना पुरेसा आधार नसल्याचा ठपका ठेवला, आणि पुराव्याशिवाय असे दावे न करण्याचे बंधन कंपनीला तडजोडीत मान्य करावे लागले. ठिणगीला दोन वाटा दिल्या तरी ती एका वेळी एकाच वाटेने जाते.

याच्या उलट उदाहरण आपल्याच रस्त्यांवर आहे. २००३ मध्ये बजाजने पल्सरला एकाच सिलिंडरमध्ये दोन प्लग दिले. ज्योत दोन बाजूंनी निघाल्याने तिला कापायचे अंतर कमी झाले आणि ज्वलन लवकर पूर्ण होऊ लागले. हा फायदा खरा होता. पण त्यासाठी सिलिंडर हेडची रचना आणि ठिणगीची वेळ या दोन्ही गोष्टी मुळापासून आखाव्या लागल्या, आणि ते काम कंपनीने केले. दुकानातून आणलेला प्लग इंजिनाची आखणी बदलू शकत नाही.

मग बाजाराच्या दिवशीच्या त्या शेतकऱ्याची गाडी बरी कशी झाली? झिजलेल्या प्लगची फट वाढते, ठिणगी अधूनमधून चुकते, आणि वीस वेळांत एकदा जरी चुकली तरी पाच टक्के पेट्रोल न जळता सायलेन्सरमधून बाहेर जाते. तिथे कोणताही नवा प्लग, अगदी साधासुद्धा, गाडी सुधारतोच. दुसरे म्हणजे प्लग बदलताना चांगला मिस्त्री एअर फिल्टर झटकतो, चेन ताणतो, टायरमध्ये हवा भरतो. पांदण रस्त्याची धूळ उन्हाळ्यात फिल्टर इतका कोंडवते की कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रण घट्ट होते, म्हणजे त्यात पेट्रोलाचे प्रमाण वाढते, प्लग काळा पडतो आणि दोष प्लगवर येतो. हवेत ४६ अंश उष्णता असते म्हणून ‘थंड’ क्रमांकाचा प्लग घ्यावा, हा सल्लाही त्यातलाच. प्लगचा थंड-गरमपणा त्याचे टोक उष्णता किती लवकर सोडते यावर ठरतो, चंद्रपूरच्या उन्हावर नाही. गरजेपेक्षा थंड प्लगचे टोक स्वतःची काजळी जाळण्याइतके, म्हणजे साधारण ४५०-५०० अंशांपर्यंत, तापतच नाही आणि तो आणखी लवकर काळा होतो.

अलीकडे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे ॲव्हरेजची चर्चा पुन्हा तापली आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. ही तूट टाकीत आहे, प्लगने ती भरून निघत नाही. आणि ॲव्हरेज मोजण्याची आपली रीत अशी, की पाच लिटरच्या हिशेबात टाकी पाव लिटर कमी-जास्त भरली तरी पाच टक्क्यांचा फरक पडतो. महागड्या प्लगची बहुतेक किमया त्या पाव लिटरात मावते.

काढलेला जुना प्लग बहुधा कुणी फेकत नाही. तो चिंधीत गुंडाळून डिक्कीत पडून राहतो. तोच पितळी ब्रशने स्वच्छ करून, पुस्तिकेत दिलेली फट पुन्हा लावून, महिनाभराने परत बसवून पाहणारा माणूस मात्र मला अजून कुठल्या गॅरेजवर भेटलेला नाही.