मेकअपवाला जॉर्ज आणि दाढीवाला जॉर्ज

ऐंशीच्या दशकातल्या इंग्रजी गाण्यांचा विषय निघाला की हा घोळ ठरलेलाच. 'केअरलेस व्हिस्पर'च्या सॅक्सोफोनचं कौतुक सुरू असतं आणि मध्येच कुणीतरी ठामपणे म्हणतं, "म्हणजे तो मेकअपवाला जॉर्ज ना?" नाही, तो दुसरा. रंगवलेला चेहरा, केसांत गुंफलेल्या रिबिनी आणि मोठी हॅट असलेला तो बॉय जॉर्ज, 'कल्चर क्लब' या बँडचा गायक. दाढीचे खुंट, कानात डूल आणि लेदर जाकीटवाला तो जॉर्ज मायकल. तो आधी 'व्हॅम!' या जोडगोळीत होता, नंतर एकट्याने गायला.

घोळ व्हायला कारणंही भरपूर आहेत. दोघंही लंडन आणि आसपास वाढलेले. एक 1961 चा, दुसरा 1963 चा. दोघांचेही गट 1981 मध्ये उभे राहिले, दोघंही समलिंगी, दोघांनीही तुरुंग पाहिला. दोघांच्या नावाआड बाहेरून इंग्लंडमध्ये आलेल्या घराण्यांची आडनावं दडलेली. बॉय जॉर्ज म्हणजे आयरिश कॅथलिक घरातला जॉर्ज ओ'डाउड. जॉर्ज मायकलचं आडनाव पानायोतू. त्याचे वडील सायप्रसहून येऊन लंडनमध्ये रेस्टॉरंट चालवणारे ग्रीक गृहस्थ.

आवाजावरून ओळखायचं असेल तर एक सोपी परीक्षा आहे. नोव्हेंबर 1984 मध्ये इथिओपियातल्या दुष्काळासाठी ब्रिटिश गायकांनी 'बँड एड' या नावाने एक गाणं केलं. त्यात पॉल यंगच्या सुरुवातीनंतर आधी बॉय जॉर्ज गातो आणि लगेच जॉर्ज मायकल. रेकॉर्डिंगच्या दिवशी बॉय जॉर्ज न्यू यॉर्कमध्ये होता. कॉन्कॉर्ड विमान पकडून तो संध्याकाळी स्टुडिओत पोचला. त्याचा आवाज दाटसर, किंचित घोगरा, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या सोल संगीताच्या आणि जमैकाच्या रेगे संगीताच्या वळणाचा. पाठोपाठ येणारा जॉर्ज मायकल स्वच्छ, उंच, प्रत्येक शब्दाची कड घासून गातो. एकदा हे दोन तुकडे लागोपाठ ऐकले की पुन्हा गल्लत होणं कठीण.

पण चेहरा आणि आवाज हा वरवरचा फरक झाला. मला विचाराल तर खरा फरक आहे तो गटातल्या जागेचा. बॉय जॉर्ज हा बँडचा फ्रंटमन होता, म्हणजे सगळ्यांच्या पुढे उभा राहणारा बँडचा चेहरा. जॉर्ज मायकल तसा कधीच नव्हता, 'व्हॅम!'मध्ये असतानासुद्धा.

कल्चर क्लब हा चौघांचा बँड. बासवर मायकी क्रेग, गिटारवर रॉय हे, ड्रमवर जॉन मॉस. गाण्यांचं श्रेयही चौघांच्या नावावर. 'डू यू रिअली वाँट टू हर्ट मी' 1982 मध्ये गाजलं ते जॉर्जच्या गळ्यामुळे, तसंच खाली संथपणे चालणाऱ्या त्या रेगेच्या ठेक्यामुळेही. बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या गाण्यांच्या टीव्ही कार्यक्रमात हा प्राणी पहिल्यांदा दिसला तेव्हा तो मुलगा की मुलगी, यावर ब्रिटनभर चर्चा झाली. पुढच्या वर्षीचं 'कर्मा कमिलिअन' ब्रिटनमध्ये सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. लोक चेहऱ्याकडे बघत होते, पण तो ठेका, ती हार्मोनिका, मागे सहगायिका हेलन टेरीचा दणदणीत आवाज, हे सगळं मिळून ते रसायन झालं होतं. त्यात भर म्हणजे जॉर्ज आणि ड्रमवाला मॉस यांचं जगापासून लपवलेलं प्रेमप्रकरण. बरीच गाणी त्यातूनच आली. ते नातं विस्कटलं, जॉर्ज हेरॉइनच्या नादी लागला आणि 1986 मध्ये बँडही आटोपला, पुढे काही वर्षांनी तो पुन्हा जमला.

'व्हॅम!'चा मामला अगदी उलटा. अँड्र्यू रिजली हा जॉर्ज मायकलचा शाळेतला मित्र. बुजऱ्या, जाड्या जॉर्जला स्टाइल आणि आत्मविश्वास दिला तो त्यानेच, आणि हे योगदान लहान नाही. पण लिहिणं, चाल लावणं, गाणं आणि 1984 च्या 'मेक इट बिग'पासून निर्मितीही, हे जवळपास सगळं जॉर्जच्या हाती. म्हणजे दिसायला दोघांचा गट, आत मात्र एकट्याचा कारखाना. म्हणूनच जून 1986 मध्ये वेम्बली स्टेडियमवर निरोपाचा कार्यक्रम करून त्याने 'व्हॅम!' बंद केलं तेव्हा त्याचं काहीच अडलं नाही. पुढच्याच वर्षी आलेल्या 'फेथ'ला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं.

एकट्या बॉय जॉर्जचं तसं झालं नाही. 1987 मध्ये त्याचंही पहिलं एकट्याचं गाणं ब्रिटनमध्ये अव्वल ठरलं, पण ती उंची टिकली नाही. त्याने वाटा मात्र जास्त मजेशीर निवडल्या: क्लबमध्ये डीजे, रंगभूमीवर स्वतःच्याच काळावरचं संगीत नाटक, टीव्हीवर परीक्षक. 1991 च्या 'बाउ डाउन मिस्टर' या हरे कृष्ण वळणाच्या गाण्यात तर त्याच्यासोबत आपल्या आशा भोसले आहेत. ऐकलं नसेल तर जरूर शोधा.

तुरुंगाच्या बातम्यांचीही सरमिसळ होते. 2009 मध्ये एका पुरुषाला घरात डांबल्याबद्दल 15 महिन्यांची शिक्षा झाली ती बॉय जॉर्जला. नशेत गाडी दुकानावर घातल्याबद्दल 2010 मध्ये आठ आठवड्यांची शिक्षा झाली ती जॉर्ज मायकलला. दोघांनाही त्यातला थोडाच भाग प्रत्यक्ष भोगावा लागला. 2016 च्या नाताळच्या दिवशी गेला तो जॉर्ज मायकल, वय 53. बॉय जॉर्ज त्यानंतरही कल्चर क्लबबरोबर मंचावर उभा राहिला.

आणि जागेचा हा फरक शेवटी पैशातही उतरला. 2018 मध्ये जॉन मॉस कल्चर क्लबबाहेर गेला, मग बँडच्या कमाईतल्या वाट्यासाठी कोर्टात गेला. 2023 मध्ये तडजोड झाली आणि साडेसतरा लाख पौंड त्याच्या पदरात पडले. चौघांचा बँड असण्याची किंमत म्हणायची. रिजलीवर अशी पाळी आलीच नाही. गंमत म्हणजे ज्या 'केअरलेस व्हिस्पर'पासून आपण सुरुवात केली ते ब्रिटनमध्ये एकट्या जॉर्ज मायकलच्या नावाने बाजारात आलं, पण गीतलेखनाच्या श्रेयात रिजलीचं नाव आहे. रॉयल्टीत त्याचाही वाटा.