भूखंडवहन सिद्धांत

खंड एका जागी खिळलेले नाहीत. भूवैज्ञानिक काळात ते एकमेकांपासून सरकले, वळले आणि काही ठिकाणी एकमेकांवर आदळले, असे सांगणारा सिद्धांत. जर्मन हवामानशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर (१८८०–१९३०) यांनी तो ६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफुर्टच्या व्याख्यानात मांडला आणि १९१५ मध्ये ग्रंथरूपाने विस्तारला. सर्व खंड पूर्वी ‘पँजिया’ या एका महाखंडात जोडलेले होते, असे त्यांचे म्हणणे होते. आज हा सिद्धांत भूपट्ट सांरचनिकीत, म्हणजे पृथ्वीचे बाह्य कवच सरकत्या पट्टांचे बनले आहे असे सांगणाऱ्या सिद्धांतात, सामावला गेला आहे.

त्याच्या पुराव्यांचे दोन गट पडतात. नकाशे, जीवाश्म आणि हिमनद्यांच्या खुणा जुळवून काढलेला पहिला गट वेगेनरच्या हयातीत बहुतेकांना पटला नाही. दुसरा गट उपकरणांनी मोजलेला. त्याने निकाल लावला. सोलापूर जिल्ह्यातला काळा पाषाण, म्हणजे दख्खनच्या थिजलेल्या लाव्ह्याचा बेसाल्ट, या दुसऱ्या गटात मोडतो. पहिल्या गटातले इथे काहीच सापडत नाही, कारण दख्खनचा लाव्हा पसरला सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आणि पँजिया फुटायला लागला त्याच्याही आधी, सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी.

जुळणीचे पुरावे. दक्षिण अमेरिकेचा पूर्व किनारा आणि आफ्रिकेचा पश्चिम किनारा एकमेकांत बसतात, हे सोळाव्या शतकातच नकाशाकारांच्या ध्यानात आले होते. मात्र आजची किनारपट्टी जुळवू गेल्यास फटी राहतात, कारण समुद्रपातळी वरखाली होते आणि लाटा किनारा झिजवतात. खंडाची खरी कड समुद्रबूड जमिनीच्या उतारावर असते. बुलर्ड, एव्हरेट आणि स्मिथ यांनी १९६५ मध्ये सुमारे ९०० मीटर खोलीची रेषा धरून संगणकावर जुळणी केली, तेव्हा ती फारच चांगली बसली. नायजर नदीच्या मुखापाशी दोन्ही कडा एकमेकांवर चढतात. पण तो त्रिभुज प्रदेश खंड फुटल्यानंतर साचलेला असल्याने ही चूक जुळणीच्या विरोधात जात नाही.

मेसोसॉरस हा मीटरभर लांबीचा सरपटणारा प्राणी फक्त दक्षिण अमेरिका आणि दक्षिण आफ्रिकेच्या खडकांत मिळतो. अटलांटिक पोहून जाणे त्याच्या आवाक्यातले नव्हते. ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीची पाने भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका अशा सगळीकडच्या खडकांत आढळतात. महाराष्ट्रात ती पाहायची तर चंद्रपूर, वर्धा खोऱ्याच्या कोळशाच्या पट्ट्यात जावे लागते. चंद्रपूरजवळ इरई येथे चुनखडकाच्या फरशीवर हिमनदीने ओढलेले ओरखडेही आहेत. तिथल्या मे महिन्याचा विचार करता हे खरे वाटू नये, पण सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी तिथे बर्फ होता. अशाच खुणा दक्षिण गोलार्धातल्या इतर खंडांवर आहेत आणि काही ठिकाणी बर्फ चक्क समुद्राकडून जमिनीवर चढल्यासारखा दिसतो. खंड पुन्हा जोडून दक्षिण ध्रुवाभोवती ठेवले, की हे ओरखडे एकाच हिमस्तराचे होऊन जातात.

विरोध. विरोधक अडाणी नव्हते. खंड कशाच्या जोराने सरकतात, या प्रश्नाला वेगेनरकडे धड उत्तर नव्हते. त्यांनी सुचवलेली भरती-ओहोटीची आणि पृथ्वीच्या फिरण्यातून येणारी बले या कामाला फार म्हणजे फारच अपुरी होती, हे भूभौतिकीतज्ज्ञ हॅरल्ड जेफ्रीज यांनी गणिताने दाखवले. कठीण सागरतळ फोडत खंड पुढे जातात ही कल्पनाही टिकणारी नव्हती. शिवाय रेखांशांच्या जुन्या, सदोष मापनांवर विसंबून त्यांनी ग्रीनलंडची गती वर्षाला कित्येक मीटर धरली. प्रत्यक्षात ती काही सेंटीमीटर आहे. प्रावरणातील (कवचाखालच्या जाड थरातील) उष्णतेने वर-खाली फिरणारे अभिसरण प्रवाह खंडांना वाहून नेत असावेत, हे भूवैज्ञानिक आर्थर होम्स यांनी १९२८ च्या सुमारास सुचवले होते, पण तेव्हा ते तपासायची सोय नव्हती.

दगडातील चुंबकत्व. लाव्हा थिजताना त्यातील मॅग्नेटाइट वर्गाच्या खनिजांचे कण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. मॅग्नेटाइटसाठी ही मर्यादा ५८० अंश सेल्सिअस आहे; त्याखाली थंड झाल्यावर दिशा पक्की होते. या दिशेच्या क्षितिजाशी होणाऱ्या कोनाला नती म्हणतात. नतीचे स्पर्शगुणोत्तर (टॅन) अक्षांशाच्या स्पर्शगुणोत्तराच्या दुप्पट असते, म्हणून नती मोजली की दगड कोणत्या अक्षांशावर थिजला ते काढता येते.

सोलापूर आज १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. या सूत्राने इथे नती सुमारे ३२ अंश, उत्तरेकडे आणि खाली झुकलेली यायला हवी. दख्खनच्या बेसाल्टाच्या एकत्रित मापनांवरून सोलापूरच्या जागेसाठी ती सुमारे ४९ अंश आणि उलट बाजूची, म्हणजे वर झुकलेली, निघते, म्हणजे हा दगड ३० अंश दक्षिणेला, आजच्या मादागास्करच्याही दक्षिण टोकापलीकडच्या अक्षांशावर थिजला. तिथपासून इथपर्यंत ४८ अंश, म्हणजे सुमारे ५,३०० किलोमीटर, ६.६ कोटी वर्षांत भागल्यास सरासरी वर्षाला ८ सेंटीमीटर. दिशाही वायव्येकडे वळलेली मिळते, कारण भारत येताना डावीकडे फिरत आला. बरेच थर पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटे असतानाचे आहेत. त्यांत दिशा आग्नेयेकडे आणि खाली असते. क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी १९५६ मध्ये अशी मापने प्रसिद्ध केली, तेव्हा भूखंडवहन मानणारे थोडेच होते.

नमुना काढताना जरा दुर्लक्ष झाले तरी फसगत होते. विहिरीच्या खोदकामात वरून काळी माती, मुरूम, मग मांजऱ्या नावाचा मऊ खडक आणि त्याखाली अभंग पाषाण असा क्रम दिसतो. दोन लाव्हा थरांच्या मध्ये तांबडा, गेरूसारखा पट्टा असतो. नमुना अभंग पाषाणातूनच घ्यावा. मुरमात खनिजे गंजून नवी झालेली असतात आणि ती हल्लीचे क्षेत्र दाखवतात. हिऱ्याच्या पात्याच्या पेट्रोल ड्रिलने, पाणी सोडत, २.५ सेंटीमीटर व्यासाचा आणि ८ ते १० सेंटीमीटर लांबीचा गाभा कापतात. तो मोडून बाहेर काढण्याआधी त्याचा कल आणि दिशा त्यावर खोदून घेतात. बेसाल्ट स्वतः चुंबकीय असल्याने साधे होकायंत्र चळते, म्हणून उन्हातल्या सावलीवरून दिशा दाखवणारे सूर्य-होकायंत्र बरे. सोलापूरचे स्वच्छ ऊन इथे कामी येते. एका थरातून सहा ते आठ गाभे आणि असे पुष्कळ थर लागतात, कारण एक थर म्हणजे क्षेत्राचे क्षणचित्र. ध्रुवाचे नेहमीचे हेलकावे सरासरीत गेल्याशिवाय अक्षांश भरवशाचा नसतो.

उघड्या माळावरच्या कातळावर वीज पडलेली असली, तर चुंबकत्व अवाजवी जोरदार आणि दिशा विस्कळीत येते. सुरुंगाने हललेला खाणीतला धोंडा बाद. भुईकोट किल्ल्याच्या तटातला काळा दगडही बाद: घडवताना त्याची मूळ दिशा कायमची हरवली आहे. प्रयोगशाळेत नमुना टप्प्याटप्प्याने तापवून किंवा प्रत्यावर्ती (सतत दिशा उलटणाऱ्या) चुंबकीय क्षेत्रात ठेवून वरवरचे, नंतर चिकटलेले चुंबकत्व उतरवतात. उरते ते मूळ. या पद्धतीने अक्षांश आणि वळण कळते, रेखांश कळत नाही. त्यासाठी सागरतळाकडे जावे लागते.

सागरतळ. समुद्राच्या मधल्या कटकांवर (पाण्याखालच्या डोंगररांगांवर) नवा तळ तयार होऊन दोन्ही बाजूंना सरकतो, ही हॅरी हेस यांची कल्पना १९६२ मध्ये प्रसिद्ध झाली. कटकाच्या दोन्ही अंगांना सुलट्या-उलट्या चुंबकत्वाचे सारखे पट्टे का दिसतात, हे व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये त्यावरून उलगडले. ग्लोमार चॅलेंजर या जहाजाने १९६८ पासून सागरतळात केलेल्या वेधनांत (छिद्रे पाडून केलेल्या पाहणीत) कटकापासून दूर जावे तसतसे तळाचे वय वाढताना आढळले. खंडांवर अब्जावधी वर्षांचे खडक आहेत. महासागरांच्या आजच्या विस्तीर्ण तळांत मात्र २० कोटींहून जुने जवळपास काही नाही. जुना तळ खोल सागरी खंदकांतून पृथ्वीच्या पोटात खाली जातो. खंड सागरतळ नांगरत नाहीत. सुमारे १०० किलोमीटर जाडीच्या पट्टावर बसून त्याच्याबरोबर जातात. त्याखालचा थरही घनच आहे, फक्त लाखो वर्षांच्या हिशेबात तो ओघळतो. भूखंड वितळलेल्या रसावर तरंगतात, हे नेहमी ऐकू येणारे वाक्य म्हणूनच चुकीचे आहे.

आजची गती. जीपीएसने मोजता भारतीय पट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतो. अशा मापनाचा खांब कातळात रोवावा लागतो. सोलापूरची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात उभा केलेला खांब पट्टाची नव्हे, मातीची हालचाल नोंदवेल.

सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाशी सुरू झालेल्या टकरीचा दाब पट्टाच्या आतवरही पोचतो. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, सोलापूरहून सरळ रेषेत सुमारे ८५ किलोमीटरवर, याच दाबाशी जोडला जातो. नंतर तिथे घेतलेल्या वेधनविवरात बेसाल्ट ३३८ मीटरवर संपला, त्याखाली गाळखडकाचा ८ मीटरचा थर आणि मग मूळचा प्राचीन खडक लागला. या पाषाणाखाली झाकलेले जुने भ्रंश (खडक तुटून सरकलेल्या भेगा) भूपृष्ठावरच्या पाहणीत सहज हाती लागत नाहीत.