मेलेला सप्लाय आणि दबलेला सप्लाय

जुना ट्यूबचा टीव्ही बंद पडला, लाल दिवाही लागेना, की "सप्लाय गेला" असं ठरवून लोक मोकळे होतात. सोलापुरात मी हे इतक्यांदा ऐकलंय की आता सविस्तर लिहितोच. सप्लाय म्हणजे मेनची वीज टीव्हीला लागेल तशी करून देणारा बोर्डावरचा भाग. सप्लाय मरणं वेगळं आणि सप्लाय दबणं वेगळं. टीव्ही दोन्ही वेळी सारखाच मुका दिसतो. पण पहिल्यात दोष सप्लायच्या पोटात असतो, दुसऱ्यात सप्लाय धडधाकट असतो आणि पुढचं शॉर्ट त्याला उठू देत नाही.

मेलेला सप्लाय बहुतेकांना ओळखता येतो. फ्यूजची काच काळी झाली असेल तर ब्रिजचे (एसीचं डीसी करणारे) डायोड, स्विचिंगचा ट्रान्झिस्टर किंवा आयसी, नाहीतर डिगॉसिंगचा, म्हणजे पडद्यावरचे रंगाचे डाग घालवणाऱ्या कॉइलचा, पॉझिस्टर शॉर्ट. फ्यूज शाबूत, मोठ्या कंडेन्सरवर 300 ते 325 व्होल्ट डीसी, तरी पुढे शांतता, तर आधी स्टार्टअपचा रेझिस्टर ओपन (आतून तुटलेला) आहे का बघा आणि शेजारचा छोटा कंडेन्सर सुकलाय का तेही बघा. उडालेल्या फ्यूजवर तार गुंडाळून टीव्ही परत देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. त्या तारेपायी पुढे बोर्ड जळतो.

खरी गल्लत दबलेल्या सप्लायची. एकवीस इंची टीव्हीत साधारण 110 ते 115 व्होल्टचा बी प्लस, म्हणजे सप्लायने पुढे द्यायचं मुख्य व्होल्टेज, एलओटीतून (हाय व्होल्टेज बनवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमधून) होरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर पोचतो. हा ट्रान्झिस्टर सेकंदाला 15,625 वेळा चालू-बंद होतो आणि त्याच्या जोरावर पिक्चर ट्यूबला पंचवीस हजार व्होल्टच्या आसपास मिळतात. तो शॉर्ट झाला की बी प्लस थेट ग्राउंडला. सप्लाय उठतो, भार बघून बसतो, पुन्हा उठतो. कान जवळ नेला तर टिक... टिक ऐकू येतं, कधी बारीक चिरचिर. काही सप्लाय मात्र एकदाच प्रयत्न करून गप्प बसतात, म्हणून नुसत्या शांततेवरून निकाल देऊ नका.

निकाल दिवा देतो. प्लग काढा. मोठ्या कंडेन्सरमधला साठा 100 वॉटच्या दिव्यातून उतरवा, स्क्रू ड्रायव्हर टेकवून नाही. मेलेल्या सप्लायमध्ये ते 300 व्होल्ट प्लग काढल्यावरही बराच वेळ दबा धरून असतात. मग बी प्लसची एलओटीकडे जाणारी वाट एका टोकाला टाका सोडून उचला आणि बी प्लस ते ग्राउंड 60 वॉटचा साधा दिवा लावून टीव्ही चालू करा. दिवा मंद, केशरी पेटला आणि मीटर 112 दाखवतंय, तर सप्लाय ठीक आहे, पुढे शोधा. दिवा लागलाच नाही तर सप्लाय उघडा. भाराशिवाय सप्लाय चालवून व्होल्टेज मोजणं मला पटत नाही, काही सप्लाय रिकामे चालवले की भलतेच आकडे दाखवतात.

सिरीज बोर्डावरचा दिवा वेगळा. तो मेनच्या वाटेत असतो आणि टीव्ही जास्त करंट ओढतोय का एवढंच सांगतो. तो वापरताना डिगॉसिंग कॉइलचा प्लग काढून ठेवा, नाहीतर धडधाकट टीव्हीलाही सुरुवातीला तो भडकतो.

मीटरची काळी पिन कुठे, याकडेही बघा. प्रायमरीचं, म्हणजे मेनकडच्या बाजूचं, मोजमाप मोठ्या कंडेन्सरच्या मायनसवरून, बी प्लसचं ट्यूनरच्या पत्र्यावरून. अदलाबदल केली तर आकडे खोटे येतात. शिवाय प्रायमरीचं ग्राउंड मेनला जोडलेलं असतं, त्याला हात लावू नका.

आणखी एक. डी 2499 सारख्या ट्रान्झिस्टरमध्ये डॅम्पर डायोड आणि बेस-एमिटरमधला रेझिस्टर आतच असतो. बेस-एमिटरला मीटर वाजलं म्हणून चांगला ट्रान्झिस्टर टाकून देणारे मी पाहिलेत. कलेक्टर-एमिटर दोन्ही बाजूंनी तपासा. एका बाजूला डायोड, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, तर तो चांगला.

मागे साखर पेठेतून एक बाई टीव्ही घेऊन आल्या. म्हणाल्या, "काका, हा तिसरा सप्लाय की ओ." मूळ आयसी काढून त्यावर एकामागून एक युनिव्हर्सल किट (कुठल्याही टीव्हीला चालणारा तयार सप्लाय) चढवलेलं. घरातच माग, त्यामुळे एलओटीवर रुईच्या तुसाचा बोटभर थर, पावसात ओलावलेला. तिथून हाय व्होल्टेज फुटून आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला होता. शॉर्ट जागेवरच, तर किट तीन काय, दहा लावली तरी दबणारच. शिवाय शेवटच्या किटचा प्रीसेट (व्होल्टेज कमी-जास्त करायचा स्क्रू) 135 व्होल्टला ठेवलेला, म्हणजे नवा ट्रान्झिस्टर घातला असता तर तोही टिकला नसता. त्या बाईंनी पहिला काढलेला आयसी डबीत जपून ठेवला होता. ब्रशने तूस झाडलं, एलओटी पुसून वाळवला, ट्रान्झिस्टर बदलला, किट काढून तोच आयसी परत बसवला. मीटरवर 112 आले, आणि थोड्या वेळात पडदा उजळला.